पायलोनिडल सायनस: ऑपरेशन झालं, तरी पुन्हा का होतो?

माकडहाडाजवळ बारीकसं भोक, त्यातून अधूनमधून पू, बसताना ठणका. डॉक्टरांनी पायलोनिडल सायनस असं निदान केलं, ऑपरेशन झालं, टाके निघाले. आणि चार-सहा महिन्यांनी कपड्यावर पुन्हा तोच पिवळट डाग. ज्यांच्यावर ही वेळ येते ते बहुतेक पंधरा ते तीसच्या वयाचे असतात आणि दुखणं अशा जागी की चारचौघांत बोलायची सोय नाही. मग शोधाशोध मोबाइलवर होते. तिथे एकीकडे ‘कायमचा इलाज’ दिसतो, तर दुसरीकडे पाचवं ऑपरेशन करून बसलेला माणूस. दोघंही खोटं बोलत असतील असं नाही. ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं जातं आणि काय मागे राहतं, यावर बरंचसं ठरतं.

भोक दिसतं, पण दुखण्याचं मूळ घळीत असतं

सायनस म्हणजे एका टोकाला त्वचेवर उघडणारी आणि दुसऱ्या टोकाला आत बंद असलेली नळी. पायलोनिडल हा शब्द लॅटिनमधून आला. पायलस म्हणजे केस, नायडस म्हणजे घरटं. हॉजेस नावाच्या अमेरिकन सर्जननी १८८० मध्ये हे नाव दिलं, ते अशा पोकळीत केसांचा पुंजका सापडतो म्हणून.

बरीच वर्षं हा दोष जन्मजात मानला जायचा. शरीरात जन्मापासून एक पिशवी आहे, ती मुळासकट काढली की काम झालं, असा हिशोब. म्हणून सर्जन थेट हाडापर्यंत मोठा खड्डा खणत. दुसऱ्या महायुद्धात हजारो अमेरिकन सैनिक या दुखण्याने महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहिले. कडक सीटच्या गाड्यांमध्ये हादरे खात बसणाऱ्यांत ते इतकं दिसे की १९४४ मध्ये त्याला ‘जीप डिसीज’ असं नावच पडलं. एवढं खणूनही ते परत येत होतं. न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यात, गिऱ्हाइकाच्या कापलेल्या केसांमुळे, अगदी तसाच सायनस होतो हेही दिसून आलं. बोटांच्या मध्ये जन्मजात पिशवी कुठून येणार? तेव्हापासून विचार फिरला. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात की केस बाहेरून आत शिरतो.

तो शिरतो कसा, हे कुसळावरून कळतं. गवतातून चालताना कुसळ कपड्यात रुततं आणि चालू तसं आणखी आत जातं, मागे येत नाही. केसावरही डोळ्यांना न दिसणारे खवले असतात, सगळे एका दिशेला कललेले. सुटा पडलेला केस दोन कुल्ल्यांमधल्या खोल घळीत अडकतो. उठता-बसता, चालता दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात आणि केस मुळाकडच्या टोकाने त्वचेत ढकलला जातो. खवल्यांमुळे त्याला परतीची वाट नसते. घाम आणि ओलसरपणाने त्वचा आधीच मऊ पडलेली असते. एक केस शिरला की तिथे बारीक छिद्र बनतं, त्याला पिट म्हणतात, आणि पुढच्या केसांना तयार दार मिळतं.

हे केस त्याच जागचे असतात असंही नाही. सायनसमधून काढलेल्या केसांची तपासणी केल्यावर त्यांत डोक्याच्या मागच्या भागाचे, आखूड आणि कापलेल्या धारदार टोकाचे केस सापडले आहेत. मानेवरून, पाठीवरून घरंगळत ते खाली येतात. ज्यांच्या पाठीवर फारसे केस नाहीत त्यांनाही सायनस का होतो, याचं एक उत्तर इथे मिळतं.

थोडक्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सुटे केस, ते आत ढकलणारी हालचाल आणि खोल, ओलसर, कमकुवत त्वचेची घळ. ऑपरेशनने नळी निघते. पण घळ तेवढीच खोल राहिली आणि जखमेचा व्रण तिच्या तळाशीच राहिला, तर तिन्ही गोष्टी तिथेच असतात. उलट आता तळाला व्रण आहे, आणि व्रणाची त्वचा मूळ त्वचेपेक्षा दुबळी असते.

‘पुन्हा झाला’ म्हणजे तीनपैकी काय?

रुग्ण तिन्ही प्रकारांना एकच शब्द वापरतो, पण त्यांची कारणं निराळी आणि उपायही निराळे.

पहिला प्रकार: जखम कधी भरलीच नाही. दोन महिने, चार महिने, सहा महिने ड्रेसिंग चालू आहे आणि एक कोपरा ओलाच आहे. हा नवा आजार नव्हे, ही न भरलेली जखम. बहुधा ती घळीच्या खालच्या टोकाला, गुदद्वाराच्या बाजूला असते, कारण तिथे ओल, घर्षण आणि जंतू सगळ्यांत जास्त.

दुसरा: जखम भरली, पण काही महिन्यांत जवळच भोक पडलं. बहुतेक वेळा आतली एखादी फाटा फुटलेली नळी किंवा केसांचा पुंजका राहून गेलेला असतो. ऑपरेशनच्या वेळी निळा रंग भोकातून सोडून नळ्या कुठवर गेल्यात ते पाहतात, तो याचसाठी. फाट्याचं तोंड पुवाने किंवा केसांनी बंद असेल तर रंग आत जात नाही आणि तो फाटा नजरेतून सुटू शकतो.

तिसरा: वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं सगळं ठीक आणि मग पुन्हा सुरुवात. इथे पहिलं ऑपरेशन चुकलं असं म्हणता येत नाही. नवे केस नव्याने शिरले. खऱ्या अर्थाने पुनरावृत्ती हीच.

डॉक्टरांना सांगताना ‘मध्ये किती दिवस पूर्ण कोरडं होतं’ हे नेमकं सांगितलं, तर तीनपैकी कोणता प्रकार हे ओळखायला मोठी मदत होते.

पहिल्या महिन्यात काय काय बिघडू शकतं

जखम शिवलेली आहे की उघडी ठेवलेली, यावर तक्रारी बदलतात.

रक्तस्राव: पहिल्या दिवशी ड्रेसिंगवर थोडं लालसर भिजणं नेहमीचंच. ड्रेसिंग भराभर भिजत असेल तर घडी केलेलं स्वच्छ गॉज जखमेवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्येमध्ये उचलून पाहायचं नाही. तरी थांबलं नाही तर रुग्णालय गाठायचं.

पाणी साचणं: मांस काढून जी जागा मोकळी झाली तिथे पिवळसर द्रव जमतो. फ्लॅपच्या ऑपरेशनमध्ये (फ्लॅप म्हणजे शेजारची त्वचा तिच्याखालच्या चरबीसकट सरकवून खड्ड्यावर बसवणं) हे जास्त होतं, म्हणून अनेक सर्जन आत ड्रेनची नळी ठेवतात, ती हा द्रव बाहेर जोडलेल्या डब्यात ओढून घेते. चोवीस तासांत साधारण वीस-तीस मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागलं की ती काढतात. ड्रेनचा डबा दाबलेला, म्हणजे ओढ असलेला राहिला पाहिजे. तो फुगून गोल झाला असेल तर नळी आत असून उपयोग नाही. ड्रेन काढल्यावर जखमेखाली पाण्याची पिशवी हालल्यासारखी वाटली, तर ते द्रव सुईने काढता येतं. तसंच सोडलं तर त्यात जंतू वाढतात आणि तो टाक्यांतून वाट काढतो.

संसर्ग: साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून. कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढणं, कडेने लाली पसरणं, दुर्गंधी, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप. शिवलेल्या जखमेत पू झाला तर केवळ गोळ्यांनी भागत नाही. एक-दोन टाके सोडून पुवाला वाट द्यावी लागते. रुग्णाला वाटतं, ऑपरेशन फुकट गेलं. तसं नसतं. वेळेवर उघडलेला कोपरा बहुतेकदा आतून भरत येतो.

टाके सुटणं: घट्ट शर्टाची शिवण बगलेत उसवते, कारण ताण तिथेच येतो. जखमेचंही तसंच. वाकताना, बसताना दोन्ही बाजू टाक्यांना ओढतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, पण तेवढ्यात व्रणाला मूळ त्वचेची ताकद आलेली नसते. टाके निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुचाकीवर लांब जाणं किंवा जिममध्ये बैठका मारणं म्हणजे ओल्या सिमेंटवर पाय देणं.

फ्लॅपचं टोक काळवंडणं: सरकवलेल्या त्वचेला रक्त तिच्या एका बाजूने मिळतं. टोक सगळ्यांत लांब, म्हणून आधी तेच निळसर, मग काळं पडतं. थोडासा भाग असेल तर तो सुकून गळतो आणि खालून त्वचा येते. काळा भाग वाढत असेल तर लगेच दाखवावं. धूम्रपानाने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्यांत ही भीती अधिक. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे सिगारेट बंद ठेवणं इथे खरोखर उपयोगी पडतं.

बधिरपणा: फ्लॅपवर हात लावला तर परक्याची त्वचा लागल्यासारखं वाटतं. बारीक नसा कापल्या गेल्यामुळे हे होतं. काही महिन्यांत बरंच कमी होतं, एखादा पट्टा कायम राहू शकतो. त्रास फारसा नसतो, पण ऑपरेशनआधी कोणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो.

मधोमध टाके घालायला काय हरकत आहे?

या लेखात एकच भाग वाचायचा असेल तर हा. सायनसचा भाग बदामाच्या आकारात कापून काढायचा आणि दोन्ही कडा ओढून घळीच्या मधोमध सरळ रेषेत शिवायच्या, ही सगळ्यांत सोपी पद्धत. वेळ कमी लागतो, व्रण सरळ दिसतो. पण ती शिवण बरोबर घळीच्या तळाशी येते. तिथे ओल, घर्षण, सुटे केस आणि ताण असं सगळं एकत्र.

कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. निष्कर्ष स्पष्ट होता: जखम शिवून बंद करायचीच असेल तर शिवण मधल्या रेषेपासून बाजूला हवी. मधोमध शिवलेल्या जखमा हळू भरतात, जास्त चिघळतात आणि आजार जास्त वेळा परततो.

बाजूला शिवण आणायच्या मुख्य पद्धती दोन. लिंबर्ग फ्लॅपमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा काढतात आणि शेजारच्या कुल्ल्यावरून तसाच तुकडा फिरवून तिथे बसवतात. कारिडाकिस पद्धतीत (ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांच्या नावाने) एका बाजूला सरकलेला लंबगोल काढून दुसऱ्या बाजूची त्वचा ओढून आणतात. अमेरिकन सर्जन बॅस्कम यांची क्लेफ्ट लिफ्ट याच कुळातली. दोन्ही प्रकारांत केवळ जखम झाकली जात नाही, घळ उथळ होते. कारिडाकिस यांनी १९९२ मध्ये आपल्या हजारो रुग्णांचा अहवाल दिला, त्यात पुन्हा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं.

पण फ्लॅप केला म्हणजे काम फत्ते, असंही नाही. जुन्या पद्धतीच्या लिंबर्गमध्ये शंकरपाळ्याचं खालचं टोक मधल्या रेषेवरच राहायचं, आणि सायनस परतला की नेमका त्या टोकाशी परतायचा. म्हणून सुधारित पद्धतीत ते टोक एक-दोन सेंटिमीटर बाजूला नेतात. सर्जनला विचारायचा प्रश्न ‘फ्लॅप करणार का?’ एवढाच नको. ‘शिवणीचं खालचं टोक मधल्या रेषेवर येणार का?’ हे विचारा. उत्तर काय मिळतं त्यापेक्षा ते किती सहज मिळतं, यावरूनही बरंच कळतं.

मग जखम उघडी ठेवणं बरं का?

उघड्या पद्धतीत टाके नाहीत. खड्डा तळापासून वर भरत येतो. कॉक्रेनच्या त्याच आढाव्यानुसार पुन्हा होण्याचं प्रमाण शिवलेल्या जखमांपेक्षा कमी, पण भरायला वेळ फार. दीड-दोन महिने सहज, कधी तीन-चारही. रोजचं ड्रेसिंग, कामावरच्या रजा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाला तरी ते करायला सांगणं, हे सगळं त्यात आलं.

इथली खास भानगड म्हणजे खोटं भरणं. रस्त्यावरचा खड्डा वरून डांबर टाकून बुजवला आणि आत पोकळ राहिला, तर पहिल्या पावसात तो खचतो. तसंच वरच्या दोन कडा तळ भरण्याआधीच एकमेकींना चिकटतात, मध्ये त्वचेचा पूल तयार होतो आणि खाली बोगदा उरतो. रुग्ण खूश, भोक बंद झालं म्हणून. महिन्याभरात तिथेच पू. हे टाळायला ड्रेसिंग तळाला टेकलं पाहिजे आणि कडा दूर ठेवल्या पाहिजेत. याचा अर्थ गॉज ठासून भरणं असा नाही. ठासलेलं गॉज खालच्या कोवळ्या मांसाचं रक्त अडवतं आणि भरणं लांबवतं. सैल, पण तळापर्यंत. आठवड्यातून एकदा तरी सर्जन किंवा जाणकार नर्सने जखम पाहावी आणि पूल दिसला तर तो तेव्हाच बोटाने सोडवावा.

दुसरी अडचण जास्तीच्या मांसाची. जखमेत येणारं लाल दाणेदार मांस चांगलं असतं, पण ते कडांच्या वर फुगून आलं, जेलीसारखं चमकू लागलं आणि हात लावताच रक्त येऊ लागलं तर त्वचा त्यावर चढत नाही. सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावून ते खाली बसवतात. हे दवाखान्यातच करायचं काम आहे. आणि कुठल्याही न भरणाऱ्या जखमेत आधी केस शोधावा. जखमेच्या तळाशी आडवा पडलेला एक केस महिनाभराच्या ड्रेसिंगवर पाणी फिरवू शकतो.

‘९५ टक्के यश’ हा आकडा कसा वाचायचा

प्रत्येक पद्धतीच्या जाहिरातीत असा आकडा असतो आणि तो बहुधा खराही असतो. फक्त तो किती दिवसांनी मोजला, हे सांगितलेलं नसतं. पायलोनिडल सायनस दहा-वीस वर्षांनीही परततो. वर्षभर पाहिलं तर जवळजवळ सगळ्याच पद्धती छान दिसतात.

२०१८ मध्ये ७४० अभ्यासांतल्या सुमारे ९० हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. नीट योजलेल्या चाचण्यांमध्ये फ्लॅप आणि बाजूच्या शिवणीच्या पद्धतींनंतर वर्षभरात सुमारे ०.६ टक्के आणि दोन वर्षांत सुमारे १.८ टक्के रुग्णांत आजार परतला. मधोमध शिवलेल्यांत वीस वर्षांनी हा आकडा ६७.९ टक्क्यांपर्यंत गेला. एक वर्षाचा आकडा आणि वीस वर्षांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हे खरं. पण काळ वाढला की आकडा चढतो, हे त्यातून पक्कं कळतं.

कमी चिरफाडीच्या पद्धतींनाही हाच नियम. फक्त पिट आणि नळी गोल पात्याने कोरून काढायची एक साधी पद्धत आहे. २००८ मध्ये १,३५८ रुग्णांचा अहवाल आला, त्यात वर्षभरात ६.५ टक्के रुग्णांत सायनस परतला आणि दहा वर्षांत १६.२ टक्के रुग्णांत.

लेझर, दुर्बीण, फिनॉल: हे तरी कायमचं आहे का?

लेझरमध्ये नळीतले केस आणि घाण खरवडून काढतात, मग बारीक तार आत घालून नळीच्या भिंती आतून भाजतात. दुर्बिणीच्या पद्धतीत छोट्या कॅमेऱ्याने नळी आतून पाहून केस काढतात आणि भिंत जाळतात. फिनॉल हे रसायन भिंत जाळण्याचंच काम करतं, ते लावण्याआधी आजूबाजूच्या त्वचेवर मलम लावून ती झाकावी लागते. तिन्हींत जखम छोटी, दुखणं कमी, आठवड्याभरात कामावर जाता येतं. छोटा, पहिल्यांदाच झालेला, एक-दोन पिटचा सायनस असेल तर ही चांगली सुरुवात आहे.

पण यांपैकी कशानेही घळीचा आकार बदलत नाही. म्हणून ‘कायमचा’ हा शब्द इथे बसत नाही. छोट्या ऑपरेशनचा खरा फायदा वेगळा आहे: ते फसलं तरी फारसं बिघडत नाही, पुन्हा करता येतं, आणि पुढच्या फ्लॅपसाठी शेजारची त्वचा शाबूत राहते. उलट मोठा खड्डा खणून मधोमध शिवलं आणि ते फसलं, तर दुसऱ्या ऑपरेशनला निरोगी त्वचा कमी उरते. अनेक फाटे फुटलेला किंवा आधी एकदा परतलेला सायनस असेल तर लेझरची तार आत घालण्याआधी दोनदा विचार करावा.

केस काढायचे तर कशाने?

डिस्चार्ज कार्डावर ‘शेव्हिंग करत राहा’ असं अजूनही लिहिलेलं दिसतं. हा सल्ला शंकास्पद आहे. २००९ मधल्या एका जर्मन अभ्यासात ऑपरेशननंतर रेझर वापरणाऱ्यांत ३०.१ टक्के, तर न वापरणाऱ्यांत १९.७ टक्के रुग्णांत सायनस परतला. रेझरने त्वचेला बारीक ओरखडे पडतात आणि केसाचं टोक भाल्यासारखं धारदार होतं, म्हणजे कुसळाला आणखी धार लावून दिल्यासारखं.

लेझरने केस काढण्याचे आकडे बरे दिसतात. २०१८ च्या एका आढाव्यात लेझर करून घेतलेल्यांत पुन्हा होण्याचं प्रमाण ९.३ टक्के, रेझर किंवा क्रीम वापरणाऱ्यांत २३.४ टक्के होतं. यातले बरेच अभ्यास लहान आहेत, तेव्हा आकडा अगदी काटेकोर मानू नये, पण दिशा पटण्यासारखी आहे. त्यासाठी अनेक बैठका लागतात, साधारण महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने, आणि जखम पूर्ण भरल्यावरच सुरू करतात. फिकट किंवा पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, कारण त्याला पकडायला केसातला काळा रंग लागतो.

लेझर जमत नसेल तर त्वचेला न टेकणारा ट्रिमर. आणि फुकटचा उपाय: केस कापून आल्यावर लगेच आंघोळ, मान, पाठ आणि घळ नीट धुऊन कपडे बदलणं. आंघोळीनंतर घळ टॉवेलने टिपून कोरडी करायची, घासायची नाही. टॉवेल आणि अंथरुणावरचे सुटे केस झटकणं हे पुढची काही वर्षं अंगवळणी पाडावं. चाळिशीनंतर हा आजार आपोआपच कमी दिसतो.

नेहमी येणारे काही आक्षेप

‘फक्त अँटिबायोटिक घेऊन बरं नाही का होणार?’ पुवाभोवतीचा संसर्ग आटोक्यात येतो, पण नळी आणि केस जागेवरच राहतात. गळू झालं असेल तर चिरा देऊन पू काढणं हाच उपाय, आणि तो चिराही मधल्या रेषेपासून बाजूला हवा. पू निघाल्यावर निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत जखम भरून येते, बाकीच्यांना पुढे ऑपरेशन लागतं. म्हणून ‘पू काढला, आता झालं’ किंवा ‘पू काढला, आता लगेच मोठं ऑपरेशन’ ही दोन्ही घाई.

‘महिनाभर बसायचंच नाही का?’ सक्तीने पडून राहण्याने फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही. पहिले एक-दोन आठवडे एका जागी तासन्‌तास बसणं, खोल सोफ्यात रुतून बसणं, उकिडवं बसणं टाळावं. चालणं चालू ठेवावं. फ्लॅप झाला असेल तर उताणं झोपण्याबद्दल सर्जन सांगतील तसं करावं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथताना ताण थेट खालच्या टाक्यांवर येतो. शौचानंतर पाण्याने धुवावं, धार पुढून मागे नसून जखमेपासून दूर जाईल अशी धरावी, आणि ड्रेसिंग भिजलं असेल तर ते बदलावं.

‘हे भगेंद्र तर नाही?’ दोन्हींत भोक आणि पू असतो. भगेंद्राची नळी गुदमार्गात उघडते, पायलोनिडल सायनसची उघडत नाही. भोक गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल किंवा दोन-तीन ऑपरेशनं होऊनही थांबत नसेल, तर गुदमार्गाची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय करून ही शंका आधी मिटवावी. बगलेत, जांघेतही वारंवार गळवं येत असतील तर आजार तिसराच असू शकतो आणि त्याचा इलाज त्वचारोगतज्ज्ञाकडे असतो.

‘कॅन्सर होतो का?’ फार क्वचित, आणि तोही वर्षानुवर्षं, बहुधा वीस वर्षांहून जास्त काळ वाहत राहिलेल्या सायनसमध्ये. कापून काढलेला भाग पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवतात तो यासाठीच. तो अहवाल मागून घ्यावा.

दुसऱ्या ऑपरेशनला जाण्याआधी

पहिल्या ऑपरेशनची नोंद मिळवा. डिस्चार्ज कार्डावर बहुधा फक्त आजाराचं नाव आणि तारीख असते. ऑपरेशनचा सविस्तर कागद वेगळा असतो आणि तो मागावा लागतो. त्यात पद्धत कोणती, शिवण कुठे, ड्रेन होता का, रंग सोडला होता का, हे लिहिलेलं असतं. जखमेचे तारीखवार फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही दाखवा. लाजायचं कारण नाही, सर्जनला त्यातून जखम खालून बिघडत गेली की वरून, हे एका नजरेत दिसतं.

मधोमध शिवलेली जखम परतली असेल तर पुन्हा तेच ऑपरेशन त्याच रेषेवर करून घेण्यात अर्थ नाही. घळ उथळ करणारं आणि शिवण बाजूला नेणारं ऑपरेशन वारंवार करणारा सर्जन शोधावा, त्यासाठी काही आठवडे थांबावं लागलं तरी चालतं. तोवर पू साचून ताप, असह्य ठणका किंवा पसरती लाली आली तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी पू काढून घ्यावा. वाहता सायनस काही आठवडे वाहत राहिला तर नुकसान थोडं, पण तोंड बंद होऊन आत कोंडलेला पू शेजारी नवी वाट फोडतो, आणि पुढच्या ऑपरेशनमध्ये तेवढी जास्तीची त्वचा काढावी लागते.